व्हिएतनाममध्ये दुचाकी: धसका गर्दीचा, धोका मोकळ्या रस्त्याचा

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाली आणि व्हिएतनाम मराठी प्रवाशांच्या यादीत बँकॉकच्या शेजारी जाऊन बसला. 2024 मध्ये सुमारे 5 लाख भारतीय तिथे जाऊन आले. त्यांतल्या तरुण मंडळींचा बेत बहुतेक ठरलेला असतो: उतरायचं, स्कूटर भाड्याने घ्यायची आणि सुटायचं. कुणी काळजीने विचारलंच, तर उत्तरही तयार असतं.

"ज्याने पुण्यात गाडी चालवली, त्याला जगात कुठेही चालवता येते."

या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. 10 कोटींच्या या देशात 7 कोटींहून जास्त दुचाक्यांची नोंद आहे. हनोईच्या जुन्या भागात संध्याकाळी सहाला उभं राहिलं तर रस्ता दिसत नाही, नुसती हेल्मेटं दिसतात. अशा ठिकाणी कमी वेगात तोल सांभाळणं, वीतभर फटीतून गाडी काढणं, समोरच्याच्या खांद्याच्या हालचालीवरून तो कुठे वळणार हे ओळखणं, ही आपल्याकडची कसबं उपयोगी पडतात. ज्याला ती अंगवळणी नाहीत तो पाश्चात्त्य पर्यटक पहिल्या चौकातच घामाघूम होतो.

मात्र तिथल्या गर्दीला स्वतःची एक शिस्त आहे, आणि ती आपल्यापेक्षा वेगळी आहे. गल्लीतून येणारा मागे न बघता प्रवाहात शिरतो. त्याला सामावून घेणं मागच्यांचं काम. हे आपल्याकडेही होतं, पण तिथे ते शक्य होतं कारण सगळे साधारण एकाच, 20-25 किलोमीटरच्या वेगाने सरकत असतात. फट दिसली की ॲक्सिलरेटर पिळायचा आणि पुढे कचकन ब्रेक दाबायचा, ही आपली लकब त्या प्रवाहात बसत नाही. मागचा तुमच्या पुढच्या दोन सेकंदांचा अंदाज बांधून चाललेला असतो. तो अंदाज तुम्ही मोडलात की तो तुमच्यावर येऊन आदळतो. हनोईत रस्ता ओलांडणाऱ्यालाही हाच सल्ला मिळतो: सावकाश, एकसारखं चालत राहा, मध्येच थांबू नका, मागे फिरू नका. दुचाक्या तुम्हाला वळसा घालतील. मोटारी आणि बस घालणार नाहीत, हेही त्या सल्ल्यातच येतं.

राहिला प्रश्न आपल्या अनुभवाच्या अभिमानाचा. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली जवळपास 75 हजार दुचाकीवरची होती. हा अनुभव प्रमाणपत्र म्हणून मिरवण्याजोगा नाही.

गर्दीचा धसका घेणाऱ्यांचाही एक गैरसमज आहे, अगदी उलट दिशेचा. त्यांना वाटतं, शहरातून एकदा बाहेर पडलो की सुटलो. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. 20 ऐवजी 40 च्या वेगाने आदळलात तर मार चौपट, 60 ला नऊपट. हनोईच्या चौकात आरसा तुटतो, नडगी सोलवटते, शरमिंदे होऊन आपण पुढे जातो. जीवघेणं जे असतं ते मोकळ्या महामार्गावर आणि घाटात. आणि नेमकं तिथेच आपलं लक्ष सैलावतं.

"उजव्या बाजूने चालवायची सवय तासाभरात होते."

होते. गर्दीत तर पाच मिनिटांतच होते, कारण पुढे शंभर गाड्या असतात आणि चुकायला जागाच नसते. सवय दगा देते ती आजूबाजूला कुणी नसताना. पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, फोटो काढून परत गाडीवर बसल्यावर, भल्या पहाटे रिकाम्या रस्त्यावर, यू-टर्न घेतल्यावर. हात आपोआप गाडी डावीकडे नेतात आणि पुढच्या वळणावर समोरून ट्रक येतो. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घेऊन फिरणारे युरोपीय पर्यटक हीच चूक उलट्या बाजूने करतात.

स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 ला सगळा देश एका रात्रीत डावीकडून उजवीकडे आणला. लोकांना वाटलं, आता मुडदे पडणार. झालं उलटंच. सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण जीव मुठीत धरून चालवत होता. पुढे लोक सरावले आणि आकडे पुन्हा पूर्वपदावर आले. परदेशात गाडी चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: पहिल्या दिवसाची भीती तुम्हाला राखते, चौथ्या दिवसाचा आत्मविश्वास राखत नाही.

उपाय साधे आहेत. रस्त्यावर येताना आधी डावीकडे बघायचं, कारण जवळच्या मार्गिकेतली वाहनं तिकडून येतात. आपली मान आधी उजवीकडे वळते, तिला मुद्दाम शिकवावं लागतं. उजवं वळण आखूड, डावं लांब आणि समोरून येणारे रस्ता छेदणारं. गोलाला वळसा घड्याळाच्या उलट दिशेने. दरवेळी गाडी सुरू करताना "उजवीकडे" असं मोठ्याने म्हणावं; मागे बसलेला हसेल, हसू द्यावं. आणि आपल्याकडे "फ्री लेफ्ट" म्हणून लाल दिव्याला सरळ डावीकडे वळतात, तसा तिथे आपसूक "फ्री राइट" नाही. बाणाचा दिवा किंवा तशी पाटी असेल तरच वळायचं. जानेवारी 2025 पासून दुचाकीने सिग्नल तोडण्याचा दंड 40 ते 60 लाख डाँग झाला आहे, म्हणजे ढोबळमानाने 13 ते 20 हजार रुपये.

"इंटरनॅशनल परमिट काढलं की काम झालं."

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि दुकानदार त्यांना फसू देतो. आरटीओतून मिळणारं आपलं आंतरराष्ट्रीय परमिट 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलं जातं. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराचा सदस्य आहे आणि त्याच कराराखालची परमिटं मानतो. म्हणजे वर्षभराच्या मुदतीचं, शिक्क्याचं, रीतसर काढलेलं आपलं परमिट तिथे कायद्याच्या दृष्टीने पुरेसं ठरत नाही. थायलंडने दोन्ही करार स्वीकारले आहेत, शिवाय तिथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. त्यामुळे थायलंडचा अनुभव घेऊन आलेला मित्र "काही होत नाही रे" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, दुसऱ्या देशाबद्दल बोलत असतो.

परमिट जिथे चालतं तिथेही त्यावर दुचाकीचा वर्ग असावा लागतो. घरच्या लायसन्सवर फक्त चारचाकीचा वर्ग असेल तर परमिटवरही तेवढाच येतो.

भाड्याने गाडी देणारा लायसन्स मागत नाही, याचा अर्थ ते लागत नाही असा नव्हे. त्याला भाडं हवं असतं. लायसन्सविना पकडलं गेल्यास 125 सीसीपर्यंतच्या गाडीला 20 ते 40 लाख डाँग दंड आहे. तो भरताही येईल. खरा फटका विम्याचा. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये, त्या देशात वैध लायसन्स नसताना वाहन चालवून झालेली दुखापत वगळलेली असते. मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, शिवाय स्ट्रेचरवरून विमानाने परत यावं लागलं, तर तो खर्च घरच्यांच्या माथी. पॉलिसीतलं ते बारीक अक्षरांतलं पान निघण्याआधी वाचायचं असतं.

मग काय करायचं? 50 सीसीच्या आतल्या गाडीला व्हिएतनाममध्ये लायसन्स लागत नाही. सपाट गावात फिरायला ती पुरते, घाटात दोघांना घेऊन नाही. शहरात ग्रॅब या ॲपवरून मागवलेली, चालकासह येणारी बाइक स्वस्त आहे. आणि उत्तरेच्या डोंगरात "ईझी रायडर" घ्यावा: गाडी स्थानिक माणसाने चालवायची, आपण मागे बसायचं. माझं मत विचाराल तर हा कमीपणाचा पर्याय मुळीच नाही. दरी बघायला मिळते ती मागच्यालाच.

ती दरी म्हणजे हा जियांग लूप. साधारण 350 किलोमीटरचा हा फेरा चीनच्या सीमेलगत जातो. त्यातला मा पी लेंगचा घाट न्यो क्वे नदीच्या घळीवरून कड्याच्या कमरेतून काढलेला आहे. 1959 ते 1965 या काळात हा रस्ता बांधताना मजुरांनी या कड्याला दोरांनी लटकून सुरुंगाची भोकं पाडली. समाजमाध्यमांवर दिसतात ती त्या वळणावरची छायाचित्रं. दिसत नाहीत ते वळणावर सांडलेले खडे, अचानक उतरणारं धुकं, रस्त्यात फतकल मारून बसलेल्या म्हशी आणि आंधळ्या वळणावर दुसऱ्याला मागे टाकत येणारी बस. वरंध किंवा ताम्हिणी पावसाळ्यात केलेल्याला हे नवं नाही. नवं असतं ते इतकंच, की बस तुमच्या बाजूला शिरली तर सुटकेला जागा उजवीकडे शोधायची असते.

या घाटांत आपल्याबरोबर घरून आलेले दोन गैरसमज उघडे पडतात.

पहिला, "पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते." लहानपणी सायकल शिकताना घेतलेली ही धास्ती कित्येकांच्या डोक्यातून मरेपर्यंत जात नाही. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. म्हणून कोरड्या डांबरावर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर चाक अडकून घसरतं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. गडबड होते ती पुढचा ब्रेक झटक्याने आवळला तर, किंवा गाडी वळणात कललेली असताना, किंवा खडीवर. तो दोन बोटांनी पिळत न्यायचा, मागचा सोबत हलका ठेवायचा. भाड्याच्या गाडीला एबीएस असेलच असं नाही. तेव्हा गाडी ताब्यात घेतल्यावर आधी एखाद्या रिकाम्या मैदानात 30 च्या वेगावरून चारदोनदा पूर्ण थांबवून बघावी. दुकानदार बघत असेल तर बघू दे.

"अगदीच अंगावर आलं तर गाडी आडवी घालायची" हा त्याचाच चुलतभाऊ, सिनेमातून आलेला. आडवी पडलेली गाडी धातू आणि प्लास्टिकवर घसरते, आणि त्यांची रस्त्यावरची पकड रबरी टायरपेक्षा कमी असते. म्हणजे ब्रेक लावून वेग जास्त कमी झाला असता. शिवाय आडव्या गाडीला दिशा देता येत नाही.

दुसरा, "उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं." फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं, त्यामुळे वाचत काहीच नाही. गमावतो ते इंजिनाचं अडवणं, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. तापलेले ब्रेक दहा किलोमीटरनंतर दाबले तरी धरत नाहीत. तिथे भाड्याने मिळणाऱ्या होंडा वेव्हसारख्या गाड्यांना क्लचचा दांडा नसतो, गिअर पायाने बदलायचे. उतारावर दुसऱ्या किंवा तिसऱ्यात ठेवायची. पूर्ण ऑटोमॅटिक स्कूटर इतकी अडवत नाही. ती लांब उतारावर मध्येमध्ये थांबवून ब्रेक थंड होऊ द्यावेत.

हेल्मेटविषयी थोडक्यात. व्हिएतनामने 15 डिसेंबर 2007 पासून ते सगळ्या रस्त्यांवर सक्तीचं केलं आणि देश खरोखरच हेल्मेट घालू लागला, जे आपल्याला अजून जमलेलं नाही. दुकानात गाडीबरोबर फुकट मिळते ती मात्र बहुधा वाटीसारखी टोपी असते, पातळ आणि सैल पट्ट्याची. ती पोलिसासाठी आहे, डोक्यासाठी नाही. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्के कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासलेल्या कॉक्रेन आढाव्यात म्हटलं आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आदळण्यात उडून जातं, तेव्हा हा हिशोब लागू होत नाही. घाटात जायचं तर आपलं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट विमानात हातात घेऊन जावं. सामानात अडचण होते, होऊ द्यावी.

"एका बिअरने काय होतंय?" रस्त्याकडेच्या छोट्या स्टुलांवर बसून प्यायची ताजी बिआ होई अतिशय स्वस्त असते, आणि मोह तिथेच होतो. जानेवारी 2020 पासून व्हिएतनाममध्ये चालकाच्या रक्तात मद्याची परवानगी शून्य आहे. भारतातली 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमची सूट तिथे नाही. दंड 20 लाख डाँगपासून सुरू होतो, वरच्या पायरीवर 80 लाख ते 1 कोटी. रात्रीची सकाळी उरलेली असली तरी ती मोजली जाते.

आणि शेवटची समजूत, "काही झालंच तर दोनचार नोटा देऊन मिटेल." खरचटलं असेल तर कदाचित मिटेलही. माणूस जखमी झाला असेल तर तिथून हलू नये. रुग्णवाहिकेचा क्रमांक 115, पोलिसांचा 113. समोरच्याला इंग्रजी येत नसेल हे धरून हॉटेलवाल्याचा नंबर हाताशी ठेवावा, तोच दुभाषा होतो. गाड्या हलवण्याआधी रस्त्याचे आणि पाट्यांचे फोटो घ्यावेत. गाडी भाड्याने घेतानाही सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवावा, म्हणजे आधीच्या ओरखड्यांचे पैसे आपल्याकडून निघत नाहीत. अनामत म्हणून पासपोर्ट कुणी मागितला तर रोख अनामत द्यावी आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. तो दुकानदाराच्या खणात असेल तर अपघातानंतर वाटाघाटी त्याच्या अटींवर होतात. भारताचा दूतावास हनोईत आणि महावाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत आहे. दोन्हींचे तातडीचे क्रमांक फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवावेत, कारण पडताना सगळ्यात आधी फुटतो तो फोन.