थाई गिमलेट: चकवा जिभेला, यकृताला नव्हे

टॉम यम या थाई सूपची वाटी समोर आली की चवीआधी वास पोहोचतो. गवती चहा, मकरूट लिंबाची पानं, गलांगल आणि मिरची यांचा तो एकत्रित दरवळ असतो. कोळंबी घातलेल्या टॉम यमचा युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हाच मसाला आता कॉकटेलच्या पेल्यातही उतरला आहे. घरी करता येण्याजोगं त्याचं सोपं रूप म्हणजे थाई गिमलेट. साहित्य मोजकं लागतं आणि त्यातलं बरंचसं मराठी स्वयंपाकघरात असतंच. मात्र आंबट, गोड, तिखट आणि गार अशा चारही गोष्टी एकाच पेल्यात आल्या की आत मद्य किती आहे, हे जिभेला कळेनासं होतं. ते का होतं हे समजलं, तर पेय चांगलं जमतं आणि मापही सुटत नाही.

जहाजावरचं लिंबू

मूळ गिमलेट म्हणजे जिन, लिंबाचा रस आणि साखर. त्याची मुळं एका आजारात आहेत. लांबच्या सफरीवर ताजी फळं-भाज्या न मिळाल्यामुळे खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्यांतून रक्त येणं, जखमा न भरणं आणि शेवटी मृत्यू, असा त्याचा क्रम असे. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरीही नौदलात लिंबाचा रस नियमित सुरू व्हायला १७९५ साल उजाडलं.

ब्रिटनने १८६७ मध्ये व्यापारी जहाजांवरही लिंबाचा रस सक्तीचा केला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लॉक्लन रोज यांनी अल्कोहोल न वापरता लिंबाचा रस टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. या गोड केलेल्या रसाची जिनशी जोडी जमली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या १९३० सालच्या कॉकटेल पुस्तकात गिमलेटची कृती आहे, ती निम्मी जिन आणि निम्मा हा रस अशी.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. नौदलाने पुढे भूमध्य समुद्राकडच्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली. त्यांत क जीवनसत्त्व कमी होतं आणि साठवणुकीत तेही घटत होतं. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत रस सोबत असूनही स्कर्व्ही उद्भवला. आजही ‘लिंबू आहे ना, मग पेय पौष्टिकच’ असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कागदी लिंबाच्या १०० मिली रसात साधारण ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. म्हणजे पेल्यातल्या १५ मिली रसातून जेमतेम ४-५ मिलिग्रॅम मिळतं. कॉकटेलमधलं लिंबू चवीसाठी असतं, आरोग्यासाठी नव्हे.

वास येतो कुठून?

गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रल या तैलद्रव्याचा असतो. महाराष्ट्रात चहात टाकायला त्याची हिरवी पाती वापरतात, तर थाई स्वयंपाकात बुडाकडचा पांढरट, जाडसर दांडा ठेचून घालतात. सिट्रल दोन्हींत असतं. मकरूट लिंबाचं पान मधोमध आवळल्यासारखं, एकाला एक जोडलेल्या दोन पानांसारखं दिसतं. त्याच्या वासामागे सिट्रोनेलाल हा घटक असतो. गलांगल हा आल्याचा नातलग. आयुर्वेदात तो कुलंजन या नावाने ओळखला जातो आणि काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे सुके तुकडे मिळतात. ताजं गलांगल मिळालं नाही तर आलं चालतं. चव थोडी बदलते, पण बिघडत नाही. मकरूटच्या जागी घरच्या लिंबाची कोवळी पानं आणि थोडी हिरवी साल वापरता येते. आंबटपणासाठी मात्र काही बदलावं लागत नाही, कारण थाई स्वयंपाकातलं लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं असतं.

ही सुगंधी द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात. जिनचा स्वतःचा वासही असाच काढलेला असतो, मुख्यतः ज्युनिपरच्या फळांतून आणि बहुतेकदा धण्यांतून. म्हणूनच जिन थाई मसाल्याशी लवकर जुळते. घरी मात्र हा वास साखरेच्या गरम पाकात उतरवणं सोयीचं पडतं. उष्णतेने पानांतलं तेल लवकर सुटतं. फक्त ते तितक्याच लवकर उडूनही जातं, त्यामुळे भांड्यावर झाकण हवंच. पाक उकळताना घरभर छान वास सुटला, तर तेवढा वास पेल्यातून गेला असं समजावं.

चार चवींचा चकवा

तिखटपणा ही खरं तर चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. हा ग्राही एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोल त्याची ही पातळी खाली आणतं, इतकी की शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही तो चेततो. नुसती जिन घशाला जाळते ती यामुळे.

थाई गिमलेटमध्ये ही जळजळ ओळखू येत नाही. मिरचीही तशीच जाळत असते, त्यामुळे अल्कोहोलची जळजळ तिच्या नावावर खपते. साखर अल्कोहोलचा कडवटपणा झाकते. लिंबाचा आंबटपणा जिभेचं लक्ष वेधून घेतो. गारव्यामुळे अल्कोहोलची वाफ कमी होते आणि नाकाला त्याचा उग्र दर्प येत नाही. गार पदार्थ जिभेला कमी गोडही लागतो. म्हणून गार पेयात साखर नकळत जास्त पडते, आणि तेच पेय कोमट झालं की अतिगोड वाटतं.

थोडक्यात, पेय जितकं चांगलं जमतं तितका मद्याचा अंदाज चुकतो. ‘हलकंच आहे, लागत नाही’ हा शेरा चवीबद्दल खरा असतो, मात्रेबद्दल नाही.

कृती

आधी पाक करावा. १०० मिली पाण्यात १०० ग्रॅम साखर विरघळवून एक उकळी आणावी आणि गॅस बंद करावा. गवती चहाचे तीन दांडे किंवा मूठभर पाती खलबत्त्यात ठेचून, गलांगलच्या किंवा आल्याच्या पाच-सहा पातळ चकत्या आणि मकरूट लिंबाची चार पानं हाताने फाडून त्यात घालावीत. झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्यावं, मग गाळून स्वच्छ बाटलीत भरावं. फ्रिजमध्ये हा पाक साधारण आठवडाभर चांगला राहतो. त्यावर ढगाळ तार किंवा बुरशी दिसली तर टाकून द्यावा.

एका पेल्यासाठी जिन ३० मिली, ताजा लिंबाचा रस १५ मिली आणि पाक १५ मिली घ्यावा. लवंगी मिरचीची एक पातळ चकती पुरते. घट्ट झाकणाच्या बरणीत हे सगळं घालून ती बर्फाने भरावी आणि पंधरा सेकंद जोरात हलवावी. मग गाळून गार पेल्यात ओतावं आणि वर मकरूटचं एक पान तळहातावर टाळी वाजवून ठेवावं. टाळीने पानातल्या तेलाच्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि पहिल्या घोटाआधी वास नाकात जातो.

बरणी हलवताना दोन गोष्टी घडतात. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो, त्यामुळे पेय झपाट्याने गार होतं. मिश्रणात अल्कोहोल आणि साखर असल्याने ते शून्य अंशाखाली जाऊनही गोठत नाही. वितळलेलं पाणीही पेयात मिसळतं. ते हवंच, नाहीतर पेय फार तीव्र लागेल. मात्र पाण्याने पेयाची तीव्रता कमी होते, अल्कोहोलचे ग्रॅम कमी होत नाहीत.

दोन सावधगिऱ्या. मिरची जिनच्या बाटलीत मुरत ठेवू नये. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये उतरत राहतं आणि सकाळपर्यंत जिन तोंडात घेण्यासारखी राहत नाही. दुसरी गोष्ट हातांची. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकौमरिन ही द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडलं, तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे चट्टे आणि फोड येऊ शकतात. दुपारी गच्चीवर किंवा समुद्रकिनारी लिंबं पिळली, तर लगेच साबणाने हात धुवावेत.

पेल्यातलं गणित

भारतात बनणाऱ्या बहुतेक जिनच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १३ मिली, वजनाने सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६० मिलीच्या लार्जमध्ये ते २० ग्रॅम होतं. साधारण प्रौढ माणसाचं यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करतं. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. स्मॉल पेगच्या एका पेल्याला तास-दीड तास लागतो, लार्जच्या पेल्याला दोन ते तीन तास.

अंदाजाने ओतताना हात नेहमी सैल पडतो, म्हणून मापाला पर्याय नाही. कॉकटेलचं खास माप नसेल, तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मिलीच्या खुणा असलेलं झाकण धुऊन वापरावं. वरच्या कृतीत ३० मिली जिन मुद्दाम ठेवली आहे. गवती चहा आणि मकरूटच्या वासामुळे पेय भरदार लागतं, त्यामुळे दुप्पट जिनची गरज भासत नाही.

उष्मांक पाहिले तर १० ग्रॅम अल्कोहोलचे ७० आणि पाकातल्या सुमारे ९ ग्रॅम साखरेचे ३६ किलोकॅलरी होतात. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणं चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. असे तीन पेले ती मर्यादा एकट्यानेच ओलांडतात.

साखरेपेक्षा महत्त्वाचा मुद्दा अल्कोहोलचाच. शरीरात त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि हे द्रव्य पेशींतल्या डीएनएला इजा करतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याचा पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांत १९८८ मध्येच समावेश केला. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केलं. जो पीत नाही त्याने औषध म्हणून सुरू करावं असं यात काहीही नाही. गरोदरपणात, यकृताच्या आजारात आणि झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोलसारखी औषधं सुरू असताना मद्य टाळावंच. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातली साखर मद्याने धोकादायक खाली जाऊ शकते. महाराष्ट्रात जिनसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हेही यजमानाने विसरू नये.

मद्याशिवायही

हाच पेला मद्याविना करता येतो, आणि तो नुसतं सरबत वाटू नये याची युक्तीही वरच्या विज्ञानातच आहे. जिन काढली की वासाची उडी आणि घशातली जळजळ या दोन गोष्टी कमी होतात. वासासाठी गवती चहाचा झाकून मुरवलेला कडक काढा गार करून ४५ मिली घालावा. जळजळीसाठी आल्याचा अर्धा चमचा रस पुरतो, कारण आल्यातलं जिंजरॉल मिरचीच्याच ग्राहीला चेतवतं. लिंबू, पाक आणि मिरचीची चकती आधीसारखीच. वरून पानाची टाळी विसरू नये.

घरी पाहुणे असतील तर दोन्ही प्रकार एकाच तऱ्हेच्या पेल्यात ठेवावेत. मात्र कशात काय आहे हे प्रत्येकाला सांगावं, कारण चवीवरून फरक पटकन कळणार नाही. गाडी चालवून परतणाऱ्याच्या हाती दुसराच पेला द्यावा. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि कमी वजनाच्या व्यक्तीच्या रक्तातलं प्रमाण स्मॉल पेगच्या एका पेल्यानेही तिच्याजवळ पोहोचू शकतं.