दीड हजारांचा वाटा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर यंत्रकाम करणारी बरीच छोटी मशीन शॉप आहेत. त्यातल्याच एका चाळीस-पंचेचाळीस कामगारांच्या कारखान्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या ताईंच्या टेबलावर दोन मस्टर उघडी असतात. एक कामगारांचं, दुसरं अप्रेंटिसांचं. पहिल्यावरून पगार निघतो, पीएफ कापला जातो. दुसऱ्यावरून विद्यावेतन निघतं आणि त्यात केंद्र सरकारचा वाटा असतो. हा वाटा कसा येतो आणि मुलाला शिकवण्याच्या खर्चातला किती भाग त्यातून सुटतो, हे बघायला मी त्या टेबलाशेजारी आणि मग शॉप फ्लोअरवर जाऊन बसलो.

मूळ कायदा १९६१ चा, शिकाऊ उमेदवारीचा. तीस किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असतील तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक. यात कंत्राटी माणसंही मोजायची. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जीची गोष्ट. पण नुसत्या सक्तीने मालक मुलं घेत नाहीत, हे अनेक वर्षं दिसलं, तेव्हा २०१६ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. दहा हजार कोटींची तरतूद आणि २०२० पर्यंत पन्नास लाख उमेदवारांचं उद्दिष्ट. कारखान्यांत तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नॅप्स’ म्हणतात.

योजनेचा गाभा एका ओळीचा आहे : विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार रुपये सरकार देणार. ‘जास्तीत जास्त’ या दोन शब्दांचा परिणाम ताईंनी कॅल्क्युलेटरवर दाखवला. २०१९ च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्याला किमान पाच हजार, दहावीवाल्याला सहा, आयटीआय झालेल्याला सात, पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला नऊ हजार असे टप्पे ठरले. सहा हजारांचे पंचवीस टक्के बरोबर दीड हजार होतात. त्यापुढे वाटा गोठतो. आयटीआयच्या सात हजारांवर तो एकवीस टक्क्यांच्या आसपास येतो, पदवीधराच्या नऊ हजारांवर सतरापेक्षाही कमी. मालकाने चांगला मुलगा टिकावा म्हणून दहा हजार दिले, तर तो पंधरा टक्के. थोडक्यात, जो मालक सहा हजारांपेक्षा जास्त देतो, त्याच्या वाढीव रुपयात सरकारची भागीदारी शून्य.

आधी पद्धत अशी होती की मालकाने सगळी रक्कम मुलाला द्यायची, मग पोर्टलवर दावा टाकायचा आणि परताव्याची वाट बघायची. छोट्या कारखान्यात दर महिन्याचा हा वाटा अडकणंही जाणवतं, आणि त्याहून जास्त जाणवतो तो दाव्यामागे लागण्यात जाणारा वेळ. २०२३ च्या ऑगस्टपासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या बँक खात्यात जाऊ लागला. मालकाने आपला वाटा द्यायचा, पोर्टलवर नोंदवायचा, विषय संपला. ताईंच्या मते हा बदल सगळ्यात मोठा. “पूर्वी मी सरकारच्या मागं होते, आता मुलं माझ्या मागं असतात,” त्या हसून म्हणाल्या.

त्याचा नमुना लगेच बघायला मिळाला. एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. “मॅडम, कंपनीचे आले. दीड हजार काय अजून दिसंनात.” ताईंनी विचारलं, “शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी खातं काढलं होतंस का?” होतं. गावातल्या शाखेत, कैक वर्षं न वापरलेलं, आणि आधार अजून त्यालाच जोडलेलं. पैसे तिकडे गेले असणार. त्याला अर्ज कसा लिहायचा ते सांगून झालं आणि ताई पुढच्या मुलाच्या हजेरीकडे वळल्या. उमेदवाराची नोंदणी, ई-केवायसी, करारनामा, दोन्हीकडची मंजुरी, हजेरी, भरणा : या साखळीतली एक कडी अडली की सगळं तिथेच थांबतं. एकदा बसलं की मात्र सुरळीत चालतं.

ऑफिसातून फ्लोअरवर आलं की हिशेबाचं एकक बदलतं. तिथे रुपये नाहीत, मायक्रॉन आहेत. टर्नरचा आयटीआय केलेला, आता वर्षभराच्या उमेदवारीवर असलेला एक मुलगा सीएनसी टर्निंगवर उभा होता आणि त्याच्या बाजूला ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो ते जुने मशिनिस्ट. जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, चाळीस मिलिमीटरचा, वर पंचवीस मायक्रॉनची सूट, खाली काहीच नाही. मुलाने बोअर गेज लावून बघितलं. दहा मायक्रॉन कमी.

“मामा, बावीस देऊ का? म्हणजे मधोमध येईल.”

“हिशेब बरोबर हाय. पण इन्सर्टचा कोपरा नवा हाय का जुना?”

मुलगा गप्प. इन्सर्ट म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, आणि त्याचा कोपरा मामांनीच थोड्या वेळापूर्वी बदलला होता. झिजलेला कोपरा कमी कापतो आणि बोअर हळूहळू लहान येत जातो, म्हणून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, वाढवत न्यावा लागतो. नवा कोपरा बसवला की तोच वाढवलेला आकडा घात करतो. “नव्या कोपऱ्यावर पहिला जॉब लहानच ठेवायचा. लहान राहिला तर परत मारता येतोय. मोठा झाला की भंगारात.” त्याने बारा दिले, जॉब काढला, पुन्हा मोजला, मग उरलेले दिले. या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागली. मामा एकटे असते तर दोन मिनिटांत झालं असतं.

ही दहा मिनिटं मला फार महत्त्वाची वाटतात. मुलगा हातलेथवर शिकून आला आहे. मापन, कोन, धातूंचे प्रकार त्याला येतात. त्याला इथे मिळतो तो निर्णय, आणि निर्णय फक्त निर्णय घेणाऱ्याच्या शेजारी उभं राहूनच मिळतो. त्या वेळात मशीन थांबलेलं असतं, मामांचं उत्पादन घटलेलं असतं आणि कधीमधी एखादं कास्टिंग वाया जातं. ऑफिसात परतल्यावर मी मालकांना विचारलं, परवडतं का? ते म्हणाले, “विद्यावेतनाचं ओझं नाही हो. सरकारने दीड हजार दिले नसते तरी मी मुलं घेतली असती. ओझं मामांच्या वेळेचं आहे. त्याचा रकाना पोर्टलवर नाही.”

खरंच नाही. २०१६ च्या मूळ योजनेत कोऱ्या मुलांच्या पाचशे तासांच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी साडेसात हजारांपर्यंत मदत होती, पण तीही फ्लोअरवर पाऊल ठेवण्यापूर्वीच्या शिक्षणासाठी. दीड हजार मिळतात ते मुलगा हजर होता म्हणून. त्या महिन्यात त्याला ऑफसेट शिकवला की झाडू मारायला लावलं, रक्कम तीच. वर्षाअखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आहे, ती उत्तीर्ण झाला की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पण मिळालेला वाटा त्या निकालाशी बांधलेला नाही.

इथेच वाईट मालकाला वाट सापडते. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, त्यामुळे त्याचा पीएफ भरावा लागत नाही. उमेदवारी संपल्यावर त्याला कायम करण्याची सक्ती नाही. शिकवायचं नसेल तर मामांना त्याच्याजवळ उभं करायची गरज उरत नाही, आणि मग तोच मुलगा कमी पैशांत माल उचलणारा हात होतो. शिकवणारा आणि न शिकवणारा, कागदावर दोन्ही कारखाने सारखेच दिसतात. उलट शिकवणाऱ्याचं उत्पादन कमी आणि भंगार जास्त. दंडाचंही तसंच. नेमून दिलेल्या संख्येपेक्षा कमी उमेदवार घेतले, तर दर उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा पाचशे आणि पुढे हजार रुपये. हा दंडही संख्येचाच.

दुसरी उणीव जुन्या माणसांची. मालकांना दहा वर्षं लेथवर असलेल्या एका ऑपरेटरला व्हीएमसी, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरचं प्रोग्रॅमिंग शिकवायचं आहे. तो शिकाऊ उमेदवार नाही, म्हणून नॅप्समध्ये बसत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अवगत असलेल्या कौशल्याची पडताळणी करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. पण ती येतं त्याचं प्रमाणपत्र देते, न येणारं शिकवण्याचा तिचा मुख्य हेतू नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी चांगले छोटे अभ्यासक्रम आहेत. मालकांच्या गणितात मात्र फी सगळ्यात लहान आहे. त्या दिवसांचा पगार आणि बंद मशीन हा मोठा आकडा.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिथे बारावी, आयटीआय किंवा पदविका, आणि पदवी अशा टप्प्यांना महिन्याला सहा, आठ आणि दहा हजार सरकारच थेट देतं. या कारखान्याने तिकडूनही मुलं घ्यावीत का, यावर मालक आणि ताई यांचं एकमत नव्हतं. ताईंना पैसे वाचताना दिसत होते. मालकांचं म्हणणं, “ज्या पोरावर माझा रुपया नाही, त्याच्याकडं लक्ष द्यायची मला घाई नसते. खरं सांगतो.” त्यांचा हा कबुलीजबाब मला योजनेवरच्या कुठल्याही टीकेपेक्षा मोलाचा वाटला. खर्चात मालकाचा हिस्सा असणं ही नॅप्सची ताकदच आहे.

मग बदलायचं काय? मालकांनी जाता जाता मांडलेली कल्पना अशी : दीड हजारांतले काही मुलाच्या परीक्षेच्या निकालापर्यंत राखून ठेवा, आणि तो उत्तीर्ण झाला की त्याच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाला द्या. कारखान्याला नव्हे, मामांना. शिकवणाऱ्या मशिनिस्टचं नाव करारनाम्यात लिहायचं ठरवलं, तर एवढं करण्यात अवघड काही नाही. खर्च आहे तेवढाच राहील. फक्त सरकारचा पैसा पहिल्यांदाच प्रत्यक्ष शिकवणाऱ्यापर्यंत पोहोचेल.