बावन्न पोरांचा माणूस

अमेरिकेतल्या हायस्कुलांमधून दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त मुलं बेसबॉल खेळतात. वर मेजर लीगमध्ये संघ ३०, प्रत्येक संघात जागा २६. गुणाकार केला की उरतात ७८०. त्याही रिकाम्या नसतात, आणि डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथली पोरंही त्याच जागांवर नजर ठेवून असतात. या गर्दीतून एक मुलगा हेरायचा, हे स्काउटचं काम.

टोनी लुकाडेलो यांनी ते चाळीसहून अधिक वर्षं केलं. आधी शिकागो कब्जसाठी, मग १९५७ पासून फिलाडेल्फिया फिलीजसाठी. स्वतः खेळाडू म्हणून ते मायनर लीगच्या पुढे गेलेच नाहीत. १९३६ साली ओहायोतल्या फॉस्टोरिया गावच्या संघात होते, तेही ‘डी’ वर्गात, म्हणजे शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. धाकटा भाऊ जॉनी सेंट लुई ब्राउन्सकडून मेजर लीग खेळला. टोनींना ती पायरी गाठता आली नाही. फॉस्टोरिया मात्र कायमचं त्यांचं गाव झालं.

तिथून त्यांची गाडी निघायची. ओहायो, इंडियाना, मिशिगन: तिन्ही राज्यांची जमीन मिळून अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जास्त भरते. त्यातली शाळांची, कॉलेजांची, गावकुसाबाहेरची मैदानं हा माणूस वर्षानुवर्षं पालथी घालत राहिला. मैदानावर ते एका जागी बसत नसत. कधी कुंपणाला टेकून, कधी झाडाआडून, मुलाला सगळ्या बाजूंनी पाहून घ्यायचे. धावफलकाकडे लक्ष कमी, पायांकडे जास्त. बेसबॉल ८७ टक्के कमरेच्या खाली खेळला जातो, असं त्यांचं ठाम मत. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नव्हता, तो अगणित मुलांची पावलं पाहून आला होता. मला तो पटतो. चेंडू टाकणारा पिचर उभा असतो १८.४४ मीटरवर, आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही जवळ. ताशी १४५ किलोमीटरने सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत अंगावर येतो. तेवढ्या वेळात पाय चुकला तर हात काय करणार?

या सगळ्या वणवणीतून मेजर लीगपर्यंत पोचले ५२ जण. म्हणजे वर्षाला जेमतेम एक, आणि तरी स्काउटच्या धंद्यात हा आकडा डोंगराएवढा मानतात.

त्या बावन्नांतला एक कॅनडातल्या चॅटमचा फर्ग्युसन जेन्किन्स. १९६२ मध्ये करार झाला तेव्हा १९ वर्षांचा होता. पुढे पिचर म्हणून त्याने ४,५०० इनिंग्ज टाकल्या, ३,१९२ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तितके फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट दिलेले वॉक हजाराच्याही आत, ९९७!

दुसरा डेटनचा माइक श्मिट. शाळेत असतानाच दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या. ज्याचा भर सारा पायांवर, त्या स्काउटने अशा मुलाचा पिच्छा वर्षानुवर्षं सोडला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आज दुखावलेले गुडघे त्यांनी पाहिलेच असणार, पण त्यापलीकडे हा मुलगा पाच-सात वर्षांनी कसा असेल तेही पाहिलं. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, श्मिटच्या आधी २९ नावं पुकारली गेली, तिसावा तो. पहिल्या पूर्ण मोसमात, १९७३ मध्ये, १३२ सामन्यांत १३६ वेळा स्ट्राइकआउट आणि सरासरी .१९६; पाच प्रयत्नांत धड एक हिट नाही. पुढच्याच वर्षी ३६ होमरन, नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त. हा मान त्याने एकंदर आठ मोसमांत मिळवला.

उतारवयात लुकाडेलोंना एकच ध्यास लागला होता: भिंत. मुलांनी भिंतीवर चेंडू मारून तो परत झेलावा, रोज शंभर वेळा. वर्षाचे झाले ३६,५००. पालकांनी परसात भिंत बांधावी म्हणून ते घरोघर गळ घालत. पोरांचे हात आणि पाय घडायला त्याहून स्वस्त शाळा नाही, असं त्यांना मनापासून वाटे.

८ मे १९८९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, फॉस्टोरियातल्याच एका बेसबॉल मैदानावर त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. तीन आठवड्यांनी, २९ मे रोजी, माइक श्मिटने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याच्या नावावर ५४८ होमरन होते.