झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आम्हा पांढरपेशा मंडळींस फार प्रिय आहे. घरातील उणे घरातच राहावे, चारचौघांत त्याचा बोभाटा होऊ नये, ही शिकवण आपणांस लहानपणापासूनच मिळते. परंतु त्या मुठीत दारूची बाटली असेल, तर झाकण्याची किंमत काय पडते, हे आम्ही धंतोलीतील एका स्नेह्यांच्या घरी अगदी जवळून पाहिले.

गृहस्थ विद्वान, कर्तबगार आणि मोठ्या हुद्द्यावरचे. आरंभी कधीमधी चालणारे पेय पुढे रोजचे झाले आणि मग सकाळचा हातही त्यावाचून थरथरू लागला. कचेरीत पित्ताचे निमित्त सांगावे, लग्नकार्यास जाणे टाळावे, मुलांस गप्प बसवावे, हे सारे वहिनींनी वर्षानुवर्षे केले. देवापुढे शपथा झाल्या. एकही महिनाभर टिकली नाही. धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. पावलोपावली डॉक्टरांच्या पाट्या. पण ज्या दुखण्याचे नावच घ्यावयाचे नाही, त्याचा डॉक्टर कोणी शोधावा? अखेर एके रात्री ते जिन्यात पडलेले सापडले, तेव्हा वहिनी आम्हांस म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आता मूठ उघडल्यावाचून गत्यंतर नाही.’’

प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, हे बरे झाले. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात. प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेखीत काढावे लागले. त्यानंतर डॉक्टरांनीच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभेस जाण्यास सुचविले.

या मंडळाची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. १९३५ साली न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा गृहस्थ धंद्यानिमित्त अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी गेला असता त्यास पिण्याची अनिवार ओढ लागली. ती टाळण्यासाठी त्याने आपल्यासारखाच दुसरा मद्यपी शोधून काढला. हा दुसरा म्हणजे शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ. एकाने दुसऱ्यास उपदेश न करिता आपली हकीकत सांगितली आणि दोघेही सावरले. पुढे १९५७ साली ही चळवळ मुंबईत रुजली. आज नागपुरातही तिचे गट आहेत.

पहिल्या सभेच्या दिवशी आमचे स्नेही दारापाशीच थबकले. ‘‘आत कोणी ओळखीचा निघाला तर?’’ आम्ही म्हणालो, ‘‘तर तोही त्याच कामासाठी आला असेल.’’ सभा खुली होती, म्हणून आम्हांसही आत बसता आले. काही सभा केवळ मद्यपींसाठीच असतात. तेथे ऐकलेले बाहेर सांगावयाचे नाही हा दंडक असल्याने कोणाची कथा येथे देत नाही. रीत तेवढी सांगतो. वर्गणी नाही, आडनाव नाही, जातपात वा हुद्द्याची विचारपूस नाही. पिणे सोडण्याची इच्छा, एवढीच अट. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाही. आजचा दिवस पिऊ नये, इतकेच मागणे. साहेब आणि हमाल शेजारी बसून एकच दुखणे सांगतात.

तेथे बसलो असता आम्हांस ‘एकच प्याला’ आठवले. गडकऱ्यांचा अंत १९१९ साली नागपूरजवळच्या सावनेर येथे झाला आणि हे नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात. त्यात पिणाऱ्यांचे ‘आर्यमदिरामंडळ’ आहे. सोडणाऱ्यांचे मंडळ मात्र नाही. सुधाकर बुद्धिमान होता, त्यास पश्चात्तापही होता. पण सोडून दाखविलेल्यांची संगत त्याच्या नशिबी नव्हती. आमच्या स्नेह्यांस ती लाभली.

या सभा म्हणजे जादूचा मंत्र नव्हे. चौथ्या महिन्यात आमचे स्नेही एकदा घसरले. पूर्वी अशा वेळी घरात दारे बंद होत; या वेळी त्यांनी दुसऱ्याच दिवशी सभेत उभे राहून ते स्वतः सांगितले. कोणी हसले नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, २७ अभ्यासांच्या एका साक्षेपी आढाव्यातही, अशा सभांची वाट पद्धतशीर लावून देणारे उपचार संपूर्ण मद्यत्याग टिकविण्यात इतर उपचारांहून सरस ठरल्याचे दिसते. ज्यांस आधी काही काळ केंद्रात राहणे अवश्य असेल, त्यांच्यासाठी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्था आहेत. कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे निराळे मंडळ आहे. घरच्या माणसाने पिणाऱ्यावर पांघरूण घालण्याचे थांबवून आधी स्वतःस कसे सावरावे, हे वहिनी तेथे शिकल्या.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी मूठ झाकलेली असेल, त्यांस एवढेच सांगावेसे वाटते. सभेतही नाव झाकतात, पण ते माणसास वाचविण्यासाठी. आपण घरात झाकतो, ते बाटलीस वाचविते. या दोहोंतील भेद जितक्या लवकर ध्यानी येईल तितके बरे. परवा सायंकाळी स्नेही सभेस निघाले, तेव्हा शेजाऱ्यांनी सहज विचारले, ‘‘काय, रामकृष्ण मठात का?’’ पूर्वी ते मान डोलावीत. या खेपेस म्हणाले, ‘‘नाही, दारू सुटावी म्हणून जातो.’’ वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही.