बटाटा (शब्द)

बटाटा : (हिं. आलू, गु. बटाटा). मराठी स्वयंपाकघरातील हा नित्याचा शब्द पोर्तुगीज ‘बाताता’वरून पश्चिम किनाऱ्यावर रूढ झाला. त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत असून तेथे त्याचा अर्थ ‘रताळे’ असा होता. ज्याला आज आपण बटाटा म्हणतो तो कंद (सोलॅनम ट्यूबरोसम) दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतप्रदेशातील. केचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात व तेथील स्पॅनिशमध्ये तेच नाव टिकून आहे. १४९२ नंतर सोळाव्या शतकात दोन्ही कंद यूरोपात पोहोचले आणि नावांची सरमिसळ झाली. इंग्रजी ‘पोटॅटो’ हा शब्दही प्रारंभी रताळ्यासच लावीत. वस्तुतः या वनस्पतींची कुलेही भिन्न आहेत : बटाटा वांगे-मिरचीच्या कुलातील (सोलॅनेसी), तर रताळे कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी कुलातील. रताळ्याचा मूळ हक्क त्याच्या शास्त्रीय नावात (आयपोमिया बटाटाज) तेवढा शाबूत आहे. उत्तर भारताने नव्या कंदास ‘आलू’ हे जुने कंदवाचक नाव दिले. मराठीने मात्र परकीय शब्द स्वीकारला. उलट, तितकेच परदेशी असलेले रताळे संस्कृत ‘रक्तालु’वरून आलेल्या नावामुळे एतद्देशीय वाटते. उपवासाला दोन्ही चालतात.