आश्रित अक्षरांचे दशक

पेजमेकर या अक्षरजुळणीच्या प्रणालीची सातवी आणि अखेरची आवृत्ती २००१ साली निघाली. तिला आता पाव शतक होत आले, आणि नेमक्या याच सुमारास आमच्या सोलापुरातील एका जुन्या संस्थेने त्या काळात छापलेली आपली स्मरणिका नव्याने प्रसिद्ध केली. ती हाती पडल्यापासून माझे चित्त स्वस्थ नाही. कागद उंची, बांधणी भक्कम, मुखपृष्ठ देखणे. पण आतल्या मजकुरात टिळक चौकाचा ‘टिळक चोक’ झाला आहे, सात रस्त्याचा ‘सात रसता’ झाला आहे आणि ज्या बाळी वेशीत त्या संस्थेच्या पहिल्या सभा भरल्या ती ‘बाही वेस’ म्हणून छापली गेली आहे. संस्थेच्या चिटणीसांनी मला सांगितले की संगणकाच्या कामात एवढे चालायचेच. मी आयुष्यभर मुद्रिते तपासण्याचे काम केले. एवढे चालायचे नसते हे मला ठाऊक आहे, आणि या तीन चुका कोणत्या वर्षी, कोणत्या कळीने झाल्या असतील हेही मी बहुतांशी सांगू शकतो.

मराठी लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. वाक्याचा आरंभ असो, विशेषनाम असो किंवा ग्रंथाचे शीर्षक असो, क हा सर्वत्र क. कॅपिटल आणि स्मॉल ही रोमन लिपीची व्यवस्था, तिचे नियम तिच्यापाशी. तरीही एक दशक असे येऊन गेले की त्यात या परक्या व्यवस्थेतील एका किरकोळ क्रियेने, म्हणजे स्मॉल अक्षराचे कॅपिटल किंवा कॅपिटलचे स्मॉल करण्याने, पानेच्या पाने मराठी मजकूर उद्ध्वस्त होत असे.

त्याआधीच्या काळाविषयी गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यात फारसे स्वारस्य नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले, जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला आणि त्याच्या खिळ्यांनी देवनागरीला एक प्रमाण रूप दिले, हे सर्वश्रुत आहे. आमच्या सोलापूरची मिरासही लहान नाही. नानाशास्त्री दात्यांचे पंचांग शके १८३८ पासून येथून निघत आले. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाने चालणाऱ्या जैन ग्रंथमालेने १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग, आदिनाथ उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली, प्रसिद्ध केला. प्राकृत गाथा, हिंदी अनुवाद आणि इंग्रजी विवेचन असे मिश्र काम त्या काळात निर्वेध होई, याचे कारण जुळाऱ्याचे कसब हे तर होतेच. पण त्याहून मोठे कारण असे की रोमन खिळा आणि देवनागरी खिळा या दोन भिन्न वस्तू होत्या, भिन्न खणांत राहत होत्या, आणि एकीवर केलेली क्रिया दुसरीपर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती.

ती वाट उघडली ती १९९५ च्या आसपास. ट्रेडल यंत्रे मोडीच्या भावाने गेली, शिसे वितळवून विकले गेले, आणि नव्या पेठेपासून कन्ना चौकापर्यंतच्या छापखान्यांत एकेका खोलीला काचेचे दार बसवून आत संगणक ठेवण्यात आले. त्यांवर बसण्यासाठी जी तरुण मुले-मुली आली ती बहुतेक टंकलेखनाच्या संस्थांतून, रेमिंग्टनच्या कळफलकावर हात बसवून आलेली होती. संगणकाला त्या वेळी मराठी अक्षराची ओळख नव्हती. त्याच्या दप्तरी फक्त रोमन अक्षरे. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी अशी तजवीज केली की यंत्राने मनात रोमन अक्षरच धरावे, पडद्यावर आणि कागदावर मात्र त्याच्या जागी देवनागरीचा आकार उमटवावा. दुसऱ्याच्या नावावर असलेल्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहावे, तशी आमची अक्षरे त्या काळात राहिली.

कृतिदेव या फॉन्टचेच उदाहरण घेतो. तो हिंदी मुलखातून आला, पण रेमिंग्टनच्या हाताला सरावाचा असल्याने इकडेही रुळला. त्यात स्मॉल ‘डी’ म्हणजे पूर्ण क, कॅपिटल ‘डी’ म्हणजे अर्धा क्. स्मॉल ‘ई’ म्हणजे म, कॅपिटल ‘ई’ म्हणजे अर्धा म्. येथवर काही संगती आहे. पण स्मॉल ‘के’ म्हणजे काना आणि कॅपिटल ‘के’ म्हणजे ज्ञ, स्मॉल ‘जे’ म्हणजे र आणि कॅपिटल ‘जे’ म्हणजे श्र, स्मॉल ‘जी’ म्हणजे ह आणि कॅपिटल ‘जी’ म्हणजे ळ, स्मॉल ‘एन’ म्हणजे द आणि कॅपिटल ‘एन’ म्हणजे छ. इंग्रजीत लहान आणि मोठे अक्षर ही एकाच अक्षराची दोन रूपे. येथे त्याच जोडीत दोन अगदी निराळी अक्षरे शेजारी नांदत होती, आणि यंत्राला त्याची वार्ता नव्हती.

साखर पेठेतील एका छापखान्यात लग्नसराईच्या ऐन गर्दीत घडलेली गोष्ट मला लख्ख आठवते. पत्रिका मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा तीन भाषांची होती, पूर्व भागातील विणकर घराण्यांत असते तशी. यजमानांचा हुकूम एवढाच की इंग्रजी नावे सगळी कॅपिटलमध्ये हवीत. रात्रीचे जागरण झालेल्या मुलाने घाईत सगळाच मजकूर निवडला आणि वर्डमधील ती शिफ्टसह एफ-तीनची कळ दाबली. ‘मराठी’ एवढा साधा शब्द घेतला तरी त्या कळीने त्याचे काय होते ते पाहावे: म्, श्र, ज्ञ, ठ, भ्. ‘श्री’चा ‘श्रभ्’ झाला. तेलुगू फॉन्टही याच युक्तीने बांधलेला, त्यामुळे त्या बाजूची दशा वेगळी नव्हती. मुलगा घाबरला. ती कळ तीनदा दाबली की स्मॉल, कॅपिटल आणि आद्याक्षर कॅपिटल असे फिरून मजकूर पूर्वपदावर येतो, असे त्याला कोणी तरी शिकवले होते. त्याने ती दाबत दाबत मजकूर पुष्कळसा वाचता येईल अशा ठिकाणी आणला आणि जे उघड मोडलेले दिसले ते हाताने दुरुस्त केले. रात्री प्रूफ माझ्यापुढे आले तेव्हा त्यात ‘चौक’ हा ‘चोक’ होता.

तीनदा दाबून पूर्वपदावर येण्याचा तो नियम इंग्रजीला बव्हंशी लागू पडतो; आमच्या मजकुराला तो कधीच लागू नव्हता. आमचा मूळ मजकूर लहान आणि मोठ्या अक्षरांचे मिश्रण होता, आणि एकदा सर्व मोठे झाले की त्यातले मुळात कोणते लहान होते याची नोंद कोठेच उरत नसे. क आणि क् दोन्ही एकाच खात्यात जमा झाले की त्यांची फोड पुन्हा कोणी करू शकत नाही. त्यातही सर्व कॅपिटल होण्यापेक्षा सर्व स्मॉल होणे अधिक घातक असे. कॅपिटलने झालेला विध्वंस आंधळ्यालाही दिसावा इतका उघड असतो. स्मॉलने मात्र औकाराचा ओकार होतो, ळ चा ह होतो, अर्ध्या अक्षराचे पूर्ण होते: चौक चोक होतो, बाळी बाही होते, रस्ता रसता होतो. त्याच ओळीत ‘सिद्धेश्वर’ मात्र अक्षरशः अबाधित राहतो, कारण त्या शब्दात एकही कॅपिटल नाही. त्यातला द्ध कंसाच्या कळीवर आणि श् अवतरणचिन्हाच्या कळीवर बसलेला. दहा शब्दांपैकी सात धड असले की वाचणाऱ्याचा डोळा निःशंक होतो, आणि उरलेले तीन निसटून जातात.

याहून गुप्त आघात वर्डच्या स्वयंदुरुस्तीचा होता. परिच्छेदाचे पहिले अक्षर कॅपिटल करावे ही इंग्रजी शिष्टाचाराची गोष्ट ते यंत्र कोणाला न विचारता पार पाडी. कृतिदेवमध्ये अर्ध्या अक्षरापुढे काना आला की डोळ्याला पूर्ण अक्षर दिसते. म्हणून परिच्छेदाच्या आरंभी टंकलेला ‘मान’ हा ‘मन’ होई, ‘काम’ हे ‘कम’ होई, ‘नाव’ हे ‘नव’ होई; ‘दान’ तर चक्क ‘छान’ होई. ‘सोलापूर’ या शब्दातील पहिला स अर्धा झाला की काना त्याला पूर्ण करण्यात खर्ची पडतो, वरची मात्रा तेवढी शिल्लक राहते, आणि शहराचे नाव ‘सेलापूर’ असे उमटते. वर्गणीदारांच्या याद्या, सभांचे वृत्तांत, निविदांचे मसुदे यांत हा ‘सेलापूर’ मी इतक्या वेळा खोडला आहे की तो दिसताच लेखणी आपोआप समासात जाई.

रक्षणाचा मार्ग नव्हता असे मुळीच नाही. पेजमेकरमध्येच दोन निराळ्या सोयी होत्या. एका सोयीने मूळ अक्षराला हात न लावता ते फक्त कॅपिटलसारखे दाखवले जाई. अक्षराचे वळण जाड किंवा तिरपे करावे तशी ती केवळ बाह्य वेशाची गोष्ट, आणि हुकूम मागे घेतला की मजकूर होता तसा. दुसऱ्या सोयीने मूळ मजकुरातच फेरफार होई. पहिली परतीची, दुसरी बिनपरतीची. जे शहाणे होते ते इंग्रजी आणि मराठी मजकुराला पृथक् शैलीनामे देत, कॅपिटलचा हुकूम इंग्रजी शैलीपुरता बांधून ठेवत आणि दुसऱ्या सोयीच्या वाटेला जात नसत. असे लोक आमच्या शहरात होते, पण ते थोडे होते, आणि त्यांना पगार त्या घाबरलेल्या मुलाइतकाच मिळे.

आता ज्यांचा हिशेब बाकी आहे त्यांच्याविषयी. प्रगत संगणनाचे केंद्र १९८८ पासून पुण्यात होते. भारतीय लिप्यांसाठी संगणकीय संकेतांचे राष्ट्रीय मानक १९९१ साली निघाले होते. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि देवनागरीला तीत स्वतःची जागा होती. म्हणजे जे दशक मी सांगतो आहे ते सुरू होण्यापूर्वीच, मराठी अक्षराने मराठी म्हणूनच यंत्रात राहावे, याची सनद तयार होती. तरीही फॉन्ट विकणाऱ्यांनी आपापली निराळी संकेतवही काढली. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडू नये हाच त्या व्यापाराचा कणा होता, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्याच्या त्या हव्यासापायी एका समग्र दशकाचे मराठी लेखन निरनिराळ्या कुलुपांत अडकले. विकत घेणाऱ्या संस्थांनी, त्यांत सरकारी कार्यालयेही आली, मानकाची अट कधी घातली नाही. यात कोणी अज्ञानी नव्हते. ज्यांना कळत होते त्यांनी घाई केली आणि ज्यांनी विचारायला हवे होते त्यांनी विचारले नाही, असेच मी म्हणेन.

गणिताच्या मंडळींची लाटेक ही प्रणाली मी पुढे पाहिली आणि या दुखण्याचे निदान तेथे किती नेमके झाले आहे याचे मला आश्चर्य वाटले. तेथे प्रकरणाचे नाव पानाच्या माथ्यावर कॅपिटलमध्ये जाण्याची प्रथा. पण नावात सूत्र असेल तर लहान ‘एक्स’चे मोठे ‘एक्स’ करून चालत नाही, कारण गणितात त्या दोन भिन्न राशी आहेत. फ्रान्स वेल्थुइस यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्या प्रणालीसाठी देवनागरी सिद्ध केली तेव्हा तिची अक्षरेही रोमन संकेतांवरच बसलेली, म्हणजे माथ्यावरच्या कॅपिटलचा धोका तिलाही तोच. त्या लोकांनी यावर विचार केला: सूत्रे, संदर्भखुणा आणि लेखकाने ‘यास हात लावू नये’ अशी खूण केलेला भाग वगळूनच अक्षरे बदलावीत, असे आज्ञासंच रचले. २०२२ साली ही सारी तजवीज त्या प्रणालीच्या गाभ्यात गेली, आणि अक्षरबदल युनिकोडच्या नियमांबरहुकूम, भाषेची जाण ठेवून होऊ लागला. तुर्की भाषेत बिंदूचा ‘आय’ आणि बिनबिंदूचा ‘आय’ अशी दोन अक्षरे आहेत, जर्मनमधल्या एका विशिष्ट ‘एस’ला अधिकृत कॅपिटल रूप २०१७ पर्यंत नव्हते, अशा प्रत्येक भाषेची कैफियत तेथे ऐकली गेली. देवनागरीची कैफियत अशी की आम्हांला हा भेदच नाही, आम्हांला जसेच्या तसे राहू द्यावे. युनिकोडच्या मजकुरावर ती कळ आज कितीही दाबली तरी क चा क च राहतो. ज्या आघाताने आमच्या रात्री गेल्या तो आज संभवतच नाही, याचा मला निर्भेळ आनंद आहे.

पण त्या सुरक्षिततेबरोबर प्रूफ वाचणाराही गेला. त्या दशकात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून पाहावे, अशी दोघांची जोडी छापखान्यात असे. आज बहुतेक ठिकाणी ती नाही. जुन्या फायली परिवर्तकात घातल्या जातात आणि जे बाहेर येईल ते शुद्ध मानले जाते. परिवर्तक आपले काम चोख करतो, आणि संकट तेथेच आहे: जुन्या फाईलमध्ये ‘सेलापूर’ असे पडलेले असेल तर तो ते प्रामाणिकपणे युनिकोडमध्ये ‘सेलापूर’ असेच लिहितो, आणि पूर्वी जी चूक जुन्या संकेतांत निदान ओळखता येत होती, त्या चुकीचा मागमूस पुसला जातो. मूळ फाईलमध्ये कॅपिटल ‘एल’ दिसला असता तर जाणत्याने कारण तत्काळ ओळखले असते. रूपांतर झालेल्या प्रतीत फक्त एक चुकीचा शब्द उरतो, आणि तो चुकीचा आहे हे कळायलाही शहर माहीत असावे लागते.

म्हणून ज्यांच्यापाशी १९९५ ते २००५ मधले लेखन सीडींवर पडून आहे त्यांनी रूपांतरापूर्वी मूळ फाईल आणि तिचा फॉन्ट जपून ठेवावा, छापील प्रत हाताशी घ्यावी, आणि ओळ न् ओळ रुजवात घालावी. छापील प्रतीवर कोणी तरी समासात दुरुस्ती केलेली असण्याचा संभव आहे, ती फाईलमध्ये नसते. हे काम करू शकतील अशी माणसे, म्हणजे कळफलक पाहिल्यावाचून कोणत्या कॅपिटलमागे कोणते मराठी अक्षर आहे हे सांगू शकणारी, शहरात अजून आहेत. त्या काचेच्या खोल्यांत विशीत येऊन बसलेली ती मुले-मुली आता पन्नाशीच्या पलीकडे आहेत. कोणी विमा विकतात, कोणी झेरॉक्सचे दुकान चालवतात, आणि त्यांना या कामासाठी आजवर कोणी बोलावलेले माझ्या पाहण्यात नाही.