जनगणनेच्या कागदांतून कुळाचा शोध

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८०१पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. महायुद्धामुळे १९४१ची तेवढी चुकली. पहिल्या चार गणनांत मुख्यतः डोकी मोजली गेली. घरातल्या प्रत्येकाचे नाव देशभर नोंदले गेले ते १८४१ साली.

त्या वर्षीच्या नोंदी मात्र त्रोटक आहेत. पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे होते, म्हणून ३४ वर्षांचा माणूस कागदावर ३० वर्षांचा दिसतो. नातेही लिहिलेले नाही. घरातली तरुण स्त्री बायको की बहीण, हे नुसत्या अंदाजानेच ठरवावे लागते. १८५१मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्मगाव हे रकाने आले. शोधकाला सर्वांत उपयोगी पडतो तो जन्मगावाचा रकाना. गाव कळले की तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहता येतात आणि शोध १८४१च्याही मागे सरकतो.

शोधाची दिशा अलीकडून मागे असावी. हे कागद शंभर वर्षे बंद असतात. १९२१चे २०२२मध्ये खुले झाले. १९३१चे १९४२च्या आगीत जळाले, त्यामुळे पुढचा संच १९५१चाच. मधली उणीव युद्धारंभी तयार झालेली १९३९ची नोंदवही काहीशी भरून काढते.

१९११चे तक्ते घरच्यांच्या हस्ताक्षरात टिकले आहेत. लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली, त्यांतली किती दगावली, हेही त्यात विचारले होते. दोन गणनांच्या मध्ये जन्मून गेलेले मूल एरवी या कागदांत कुठेच सापडत नाही. त्याच वर्षी मताधिकार मागणाऱ्या अनेक स्त्रियांनी गणनेवर बहिष्कार घातला. एमिली डेव्हिसन तर पार्लमेंटच्या इमारतीत लपून बसल्या, आणि त्यांची नोंद तिथेही झाली! घरच्या तक्त्यात एखादी बाई नसली, म्हणून ती वारली असे समजू नये.

वय आणि नावाचे स्पेलिंग दशकागणिक बदललेले दिसू शकते, कारण माणसांनी सांगितले किंवा लिहिले तेच नोंदले गेले. एका नोंदीवर विसंबण्यापेक्षा तीन-चार दशके ताडून पाहावीत.

भारतात हा मार्ग बंद आहे. १९४८च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत. मराठी कुटुंबांना त्याऐवजी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगून शोधता येतात.